जुना फॉन्ट (मराठवाड्यातली ऑफिसं आणि डीटीपीची दुकानं)

जुना फॉन्ट म्हणजे युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर देणारी पद्धत) आधीचे मराठी फॉन्ट, श्रीलिपीतले, कृतीदेव, सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणारे डीव्हीबी टीटी सुरेख, योगेश वगैरे. मराठवाड्यात पंचायत समितीत, कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानात, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं हे अजून चालू आहेत आणि दर थोड्या दिवसांनी कुणीतरी फोनवर सांगतंच, "साहेब, फाईल उघडली पण नुसतं इंग्रजीच यायलंय, फॉन्ट पाठवा की."

हे का होतं ते सांगतो. आधीच्या फॉन्टमधे एकूण जागा २५६, त्यापण रोमन अक्षरं आणि चिन्हांसाठी ठरलेल्या, मग फॉन्टवाल्यांनी त्याच जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं असे देवनागरीचे तुकडे काढून ठेवले. म्हणजे स्क्रीनवर मराठी दिसतंय पण फाईलमधे साठलंय रोमन, आणि कुठला तुकडा कुठल्या जागेवर हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळं श्रीलिपीतला मजकूर सुरेखमधे टाकला तरी वाचता येत नाही. युनिकोडमधे तसं नाही, १९९१ पासून देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत, क चा नंबर २३२५ तर तो जालन्यात, जपानमधे, मोबाईलवर सगळीकडं २३२५ च.

मग लोक सोडत का नाहीत? आळशी आहेत म्हणून नाही. पहिलं कारण पेजमेकर, म्हणजे छापायची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. त्याचं शेवटचं मोठं व्हर्जन २००१ चं, त्याला युनिकोड कळतच नाही, आणि छोट्या प्रेसचं सगळं काम, जुन्या पत्रिकांचे साचे, हँडबिलं, पावतीपुस्तकं त्यातच पडलेली. दुसरं कारण बोटं. टाईपरायटरवर शिकलेला माणूस 'कि' लिहिताना आधी वेलांटी दाबतो मग क, रफार अक्षर झाल्यावर देतो. युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डमधे उलटं, आधी क मग वेलांटी, आणि रफारासाठी र आणि हलन्त अक्षराच्या आधी. ज्याचे हात २०-२५ वर्षं एका वळणावर पडलेत त्याला हे बदल म्हणणं सोपं नाही, मला तर या लोकांबद्दल आदरच वाटतो, न बघता पानंच्या पानं टाईप करतात. पण रेमिंग्टनची, म्हणजे टाईपरायटरचीच बटणं ठेवून युनिकोड टाईप करता येतं, हे आपल्याकडं कित्येक ऑपरेटरला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ही चूक ऑपरेटरची नाही, ट्रेनिंग देणाऱ्यांची आहे.

नुकसान कुठं होतं तर शोधताना. २०२३ ला औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा ज्यांच्या फाईली युनिकोडमधे होत्या त्यांनी जुनं नाव एकदा शोधलं की काम झालं, ज्यांच्याकडं तीन-चार फॉन्टचा खिचडा त्यांना प्रत्येक फॉन्टसाठी वेगळं शोधावं लागणार. गुगलला पण ती फाईल मराठी म्हणून कळत नाही, ग्रामसभेचा ठराव पीडीएफ करून वेबसाईटवर टाकला तरी गावच्या माणसाला शब्द टाकून तो सापडत नाही, मग टाकल्याचा उपयोग काय.

आपल्या भागाला याची जास्त काळजी पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, दप्तर उर्दूत आणि मोडीत, आणि २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची वेळ आली (न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती) तेव्हा मोडी-उर्दू वाचणारी माणसं हुडकावी लागली. तरी ते कागद डोळ्याला दिसत होते. फॉन्ट हरवलेली फाईल उघडली तर त्यात मराठी दिसतच नाही, आणि ती तर आपल्याच काळात टाईप केलेली आहे.

जुनं युनिकोडमधे आणायला कन्व्हर्टर मिळतात, बरेच फुकट आहेत, मात्र आधी मूळ फॉन्ट नेमका कोणता ते माहीत पाहिजे, नाहीतर कचराच बाहेर येतो. बदलल्यावर वेलांटी आणि रफार चुकीच्या अक्षरावर गेलेत का ते बघायचं, वाऱ्या-दऱ्यातला आडवा र बघायचा, आकडे बघायचे (सातबाऱ्याचा गट नंबर चुकला तर फार महागात पडतं). ॲ वर खास लक्ष ठेवा, हे अक्षर युनिकोडमधे २००८ ला आलं, त्यामुळं काही कन्व्हर्टर अ वर वेगळा चंद्र ठेवतात, दिसायला सारखंच, पण 'ॲड.' शोधलं की वकिलांची निम्मी नावं येतच नाहीत. मूळ फाईल आणि तिचा फॉन्ट दोन्ही एकाच फोल्डरमधे जपून ठेवायचे, आणि मग एकानं जुनी प्रिंट मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं स्क्रीनवर ताडून बघायचं.