ह्राडिश्ते म्हणजे लाकडी किल्ला नव्हे

नवव्या शतकातल्या बोहेमियावर, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागावर, काही वाचायला घ्यावं, तर वर फोटो कार्लश्टाइन किल्ल्याचा. बोर्झिवोय हा तिथला पहिला ख्रिस्ती राजपुत्र 889 च्या सुमारास वारला आणि कार्लश्टाइनचा पाया राजा चौथ्या कार्लने 1348 मध्ये घातला. मधली साडेचारशे वर्षं गेली कुठे? ज्या लेखात फोटो बरोबर असतो तिथेही एक वाक्य हमखास सापडतं: 'स्लाव्ह लोकांचे किल्ले आधी लाकूड-मातीचे होते, पुढे ते दगडाचे झाले.' त्या 'लाकूड-मातीच्या किल्ल्यांचं' खरं नाव ह्राडिश्ते. फोटोपेक्षा हे वाक्य मला जास्त खुपतं, कारण ते वाचताक्षणी पटतं आणि मग डोक्यातून जात नाही.

किल्ला काय असतो हे मराठी वाचकाला शिकवायला नको. चेक दगडी किल्ला, म्हणजे तिथला 'ह्राड', आपल्या ओळखीतलाच आहे: अवघड जागा, चुन्यात बांधलेला तट, एक उंच मनोरा, राहता वाडा, खासगी प्रार्थनेपुरतं चॅपल. प्रझिम्दा बाराव्या शतकातला, पण या किल्ल्यांचा खरा काळ तेरावं शतक. बेझ्द्येझ, झ्वीकोव्ह, क्रझिवोक्लात ही त्यातली ठळक नावं.

'ह्राडिश्ते' हे त्याआधीचं. मोराव्हियात (चेक देशाच्या पूर्व भागात) आणि बोहेमियात स्लाव्हांची, म्हणजे चेक लोकांच्या पूर्वजांची, मोठी तटबंद ठिकाणं उभी राहिली ती मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकांत. काही डोंगराच्या सोंडेवर आहेत, काही थेट नदीकाठच्या सखल पूरपट्ट्यात, त्यामुळे उंची हा काही निकष नाही. केल्टांच्या आणि त्याहून जुन्या तटबंद जागांनाही चेक लोक ह्राडिश्तेच म्हणतात. इथे आपण स्लाव्हांपुरतं बोलू.

लाकूड आणि दगड हाच फरक मानणाऱ्यांनी आधी तट बघावा. दक्षिण मोराव्हियातल्या पोहान्स्को या ह्राडिश्त्याचा तट सुमारे दोन किलोमीटर लांबीचा. त्याची बाहेरची बाजू दगडाची, चुन्याशिवाय रचलेली. पोटात माती, आणि आतल्या अंगाला लाकडी भिंत. लाकूड कुजलं किंवा जळलं की माती सुटते, दगडाचा दर्शनी थर ढासळतो आणि उरतो तो एक लांबलचक मातीचा बांध. आज आपल्याला तोच दिसतो, म्हणून 'मातीचा किल्ला' म्हणून मोकळे होतो. यांना चुन्याचं काम येत नव्हतं म्हणावं, तर मोराव्हियातल्याच मिकुल्चित्सेला तटाच्या आत चुन्यात बांधलेली दगडी चर्चं होती, एक-दोन नव्हे, बरीच, आणि त्यांत तीन दालनी बॅसिलिकाही. चुना चर्चला आणि कोरडी रचाई तटाला, ही त्या लोकांनी समजून केलेली निवड होती. उलट बाजूचं उदाहरणही आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणारा इतिहासकार कोस्मास सांगतो, की बोहेमियाचा राजपुत्र पहिल्या बोलेस्लाव्हने रोमन पद्धतीची भिंत बांधायचा हुकूम सोडला आणि नकार देणाऱ्या सरदारांच्या म्होरक्याचं डोकं उडवलं. ती जागा म्हणजे स्टारा बोलेस्लाव्ह. दगडी भिंत आली, तरी ते दहाव्या शतकातलं ह्राडिश्तेच राहिलं.

मग फरक कशात? तटाच्या आत कोण राहत होतं, यात. हे एकदा नीट कळलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

ह्राड हे एका धन्याचं घर. राजाचं असेल, सरदाराचं असेल, पण घर एकाचंच. बाकीचे तिथे चाकरीला. ह्राडिश्त्यात अख्खा समाज नांदत होता. पोहान्स्कोला तटाच्या आत कुडाचं कुंपण घातलेला सरदाराचा वाडा आहे, वाड्यात चर्च आहे, आणि चर्चभोवती सुमारे 400 कबरी आहेत. त्याच तटाच्या आत, वाड्याबाहेर, कारागिरांची घरं: जमिनीत थोडी खणलेली, एकेका खोलीची, कोपऱ्यात भट्टी. मिकुल्चित्सेला 1954 पासून योसेफ पोउलीक यांनी खोदकाम सुरू केलं. तिथल्या कबरींची संख्या अडीच हजारांच्या वर जाते. स्त्रियांच्या कानात बारीक रव्याचं काम केलेली सोन्या-चांदीची कर्णभूषणं, कपड्यांना पोकळ गोल गुंड्या, पुरुषांपाशी तलवारी, कुऱ्हाडी, घोडेस्वाराच्या टाचांचे काटे. आणि ज्यांच्यापाशी यातलं काहीच नाही अशाही असंख्य कबरी, त्याच तटाच्या छायेत. मोराव्हा नदीच्या जुन्या पात्रात लाकडी पूल आणि एकाच खोडातून कोरलेल्या होड्या सापडल्या.

आता हे बेझ्द्येझमध्ये शोधा. बायका-मुलांसकट शेकडो माणसं पुरलेली दफनभूमी तिथे नाही, सोनारांची वस्ती नाही. किल्ल्यात ते नसतंच. ह्राडिश्ते ही राजधानी, बाजार, देऊळ, स्मशान आणि सभास्थान, सगळं एकाच तटात. 982 मध्ये व्होयत्येखची प्रागचा बिशप म्हणून निवड झाली ती लेव्ही ह्राडेत्सला, म्हणजे एका ह्राडिश्त्यावर. म्हणून 995 मध्ये लिबित्सेला स्लाव्हनिक या सरदार घराण्याची कत्तल झाली, तिचं वर्णन करताना 'किल्ल्यावर हल्ला' असं लिहिलं की चित्रच चुकतं. हल्ला झाला तो चर्च असलेल्या एका भरल्या तटबंद वस्तीवर.

'आधी लाकडाचे, पुढे दगडाचे' हे वाक्य इथेच कोसळतं. ह्राडिश्ती वाढून किल्ले झाली नाहीत. बहुतेक ओस पडली. मिकुल्चित्सेचं वैभव दहाव्या शतकाच्या आरंभी, मोराव्हियाचं राज्य कोसळलं तेव्हाच संपलं. बोहेमियात ही मोडतोड सावकाश झाली. तेराव्या शतकात सनदा मिळालेली नवी शहरं वसली. कारागीर आणि बाजार तिकडे गेले, त्यांना स्वतःचा तट आणि स्वतःचं चर्च मिळालं. एका तटात राहणारा समाज असा वेगवेगळ्या जागी विखुरला आणि धनी एकटा उरला. त्याने स्वतःपुरतं जे बांधलं तो ह्राड, आणि बहुधा नव्याच जागी. बेझ्द्येझच्या डोंगरावर राजा दुसऱ्या प्रझेमिस्ल ओटाकारने किल्ला उभारला, तो काही जुन्या तटाची डागडुजी म्हणून नव्हे.

सगळा गोंधळ पसरतो तो प्राग कॅसलमुळे, कारण तो खराखुरा अपवाद आहे. नवव्या शतकात ते ह्राडिश्ते होतं, लाकूड-माती-दगडाच्या तटाचं. 1135 पासून राजपुत्र पहिल्या सोब्येस्लाव्हने तिथे दगडी तट बांधायला घेतला, आणि जागा आजतागायत वापरात राहिली. सगळे पर्यटक आधी तिथेच जातात आणि एका ठिकाणचा इतिहास शंभर ठिकाणांना लावतात.

माझं मत ठाम आहे: प्राग कॅसल शेवटी बघा. आधी प्रागच्या उत्तरेला व्हल्टावाकाठी लेव्ही ह्राडेत्सला जा. बोर्झिवोयने बांधलेलं बोहेमियातलं पहिलं चर्च तिथलं. आजची इमारत नंतरची आहे, पण तिच्याखाली जुन्या गोल चर्चचा पाया सापडला आहे. मग बुडेच, जिथे बोर्झिवोयचा मुलगा स्पितिह्न्येव्ह 915 मध्ये वारण्याआधी बांधून गेलेलं गोल चर्च अजून उभं आहे. चेक देशातली सगळ्यात जुनी उभी इमारत तीच. वेळ असेल तर दक्षिण मोराव्हियातलं पोहान्स्को. हिवाळा सरता सरता, झाडांना पालवी फुटायच्या आत जायला हवं. उन्हाळ्यात तटाचा बांध झाडीत हरवतो आणि खंदक नुसता ओढ्यासारखा दिसतो.