लक्ष उडणं आणि वेळेचं नियोजन

वेळेचं नियोजन म्हणजे हातात असलेल्या तासांत कोणतं काम कधी करायचं ते आधी ठरवून ठेवणं, आणि लक्ष उडणं म्हणजे ते ठरवलेलं तसंच राहून भलतंच काहीतरी करत बसणं. टाइमटेबल तर सगळ्यांकडेच असतं, स्केचपेनने तीन रंगांत आखून भिंतीवर चिकटवलेलं, घोडं अडतं ते पाळताना. आणि वेळ नुसता त्या व्यत्ययातच जात नाही, व्यत्ययानंतर परत कामाला लागण्यातही जातो, हे फार लोकांच्या लक्षातच येत नाही.

नागपुरात हे जवळून बघायचं असेल तर कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बसा. प्लायवूडचं पार्टिशन मारलेली टेबलं, एमपीएससी-बँकिंगवाली पोरं, कोपऱ्यात कूलरची घरघर (ती उलट बरी, बाजूच्याची कुजबुज दाबून टाकते). अकरा वाजता पाठीवर हात पडतो, "चल ना बे, चाय पिऊन येऊ, पाच मिनिटं." चहा खरंच पाच मिनिटांत होतो. पण मग टपरीवर निकालाच्या तारखेचा विषय निघतो, कोणीतरी तर्री पोहे सांगतो, वरून चण्याचा झणझणीत रस्सा, एकात भागत नाही, आणि परत खुर्चीवर येईस्तोवर पावणेबारा. त्यानंतर तेच पान वरून वाचायला घ्यावं लागतं कारण आपण कुठे होतो तेच आठवत नाही, आणि डोक्यात अजून निकालाची तारीखच फिरून राहिली असते. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये नेमकं हेच मांडलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला की लक्षाचा थोडा भाग मागच्याच कामात अडकून राहतो. म्हणजे दोन कामं "सोबत" करणारा माणूस खरं तर सारखा इकडून तिकडे उड्या मारत असतो, आणि प्रत्येक उडीला थोडं सांडतं.

मोबाइलचं वेगळं सांगायला नको. 2017 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात फोन टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी चाचण्या चांगल्या सोडवल्या, फोन सायलेंट असूनसुद्धा. नंतर सगळ्यांनाच तसा निकाल मिळाला नाही, त्यामुळे ते ब्रह्मवाक्य नाही, पण फोन बॅगेत टाकून बॅग दाराजवळच्या रॅकवर ठेवायला पैसे लागत नाहीत. 2018 पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं, लिमिटही लावता येते. ती लिमिट उठवायलाही एक बोटच लागतं, म्हणून नुसत्या त्यावर भरवसा नको.

पद्धतींपैकी सगळ्यात गाजलेली पोमोदोरो. इटलीचा फ्रान्चेस्को चिरिलो 1980 च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात असताना त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून अभ्यास सुरू केला, पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटोच. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. पाठांतराला, उजळणीला मस्त आहे. मोठी गणितं किंवा काही लिहायचं असेल तर मात्र गाडी आत्ता कुठे पिकअप घेऊन राहिली आणि घंटी वाजते, तिथे 50 मिनिटांचा फेरा बरा पडतो. दुसरा ब्रिटिश लेखक पार्किन्सनचा नियम, 1955 चा: जेवढा वेळ द्याल तेवढं काम पसरतं. अख्खं सेमिस्टर हातात असलेलं जर्नल शेवटच्या दोन रात्रीत कसं पूर्ण होतं, ते इथल्या कोणत्याही इंजिनिअरिंगवाल्याला विचारा.

बाहेरच्या पुस्तकांतलं वेळापत्रक मे महिन्यात नागपुरात जसंच्या तसं चालत नाही, हेही सांगायला पाहिजे. पारा 45 च्या वर गेला की दुपारी बारा ते पाच डोकं काम करत नाही, कूलरमधलं पाणी संपलं की उठा, बादली भरा, टाका, तेवढ्यात लाइट जाते. त्यामुळे अवघड काम पहाटे साडेपाच ते दहा, दुपारी फाइली लावणं, नोट्स उतरवणं असलं हलकंफुलकं, असंच इथे जमतं. उन्हाळ्यात शाळा सकाळपाळीच्या होतात आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामागे हेच ऊन.

मधेच आठवणाऱ्या कामांवर एक साधा उपाय आहे. अर्धवट काम डोक्यातून लवकर जात नाही हे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निकने 1927 मध्येच मांडलं होतं, आणि 2011 मधल्या एका अभ्यासात दिसलं की ते काम कधी, कसं करायचं एवढं ठरवून टाकलं तरी त्याची टोचणी कमी होते, काम पूर्ण व्हायलाच पाहिजे असं नाही. म्हणून टेबलावर एक चिटोरा ठेवायचा आणि आठवलं की तिथेच खरडायचं: गॅसचा नंबर लावणे (संध्याकाळी सहा), आत्याला फोन (जेवण झाल्यावर), गाडीचं पंक्चर (उद्या सकाळी). संध्याकाळी तो चिटोरा उघडला तर निम्म्या गोष्टी करायची गरजच उरलेली नसते, आत्याचा फोन तर दुपारीच येऊन गेलेला असतो.