बीएस्सीच्या शिष्यवृत्त्या: फीच्या पैशांपासून प्रयोगशाळेपर्यंत

2022 च्या मे महिन्यात किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची, म्हणजे केव्हीपीवायची, शेवटची परीक्षा झाली आणि ती योजना ‘इन्स्पायर’ या केंद्राच्याच दुसऱ्या विज्ञान शिष्यवृत्ती योजनेत विलीन करण्यात आली. त्याच सुमारास एनसीईआरटीची, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची, राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षाही थांबली. विज्ञानाची ओढ असलेली मुलं हेरणाऱ्या दोन जुन्या परीक्षा अशा जवळजवळ एकदमच बंद झाल्या. त्या मुळात कशासाठी सुरू झाल्या होत्या, हे आज बीएस्सीला प्रवेश घेणाऱ्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

विज्ञानाची शिष्यवृत्ती म्हटलं की पूर्वी परदेशच डोळ्यांसमोर यायचा. रघुनाथराव परांजपे 1896 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि 1899 मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत सर्वोच्च येऊन सीनियर रँग्लर झाले. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये उभारलेल्या निधीची मदत पुढे जयंत नारळीकरांनाही झाली. पण हे सगळं पदवी हातात आल्यानंतरचं. पदवीचा अभ्यास चालू असतानाच मुलांना विज्ञानात टिकवून धरायला हवं, हा विचार जोर धरू लागला तो स्वातंत्र्यानंतर. जगदीशचंद्र बोस यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1958 मध्ये कोलकात्यात त्यांच्या नावाने विज्ञान प्रज्ञाशोध योजना उभी राहिली. 1963 मध्ये एनसीईआरटीने दिल्लीपुरता एक प्रयोग केला. अकरावीच्या मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या अवघ्या दहा. पुढच्याच वर्षी योजना देशभर गेली आणि संख्या झाली 350.

एनसीईआरटीची ही योजना म्हणजेच पुढच्या राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचं पहिलं रूप. तिची निवडपद्धत मला आजही मोलाची वाटते. लेखी परीक्षा होतीच, पण मुलाला स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल द्यावा लागे आणि मग मुलाखत होई. शिष्यवृत्ती फक्त मूलभूत विज्ञानासाठी, तीही थेट पीएचडीपर्यंत. निवडलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्गही भरत.

या उन्हाळी वर्गांची गरज का पडली, हे समजून घ्यायला हवं. स्वातंत्र्यानंतर सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) प्रयोगशाळा, टाटा मूलभूत संशोधन संस्था, ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र या मोठ्या संस्था विद्यापीठांच्या बाहेर वाढल्या. संशोधन तिकडे गेलं, शिकवणं कॉलेजांत राहिलं. संलग्न कॉलेजातल्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठरलेलं असतं. टायट्रेशन करायचं, तीन रीडिंग जुळवायची, जर्नल पूर्ण करून सही घ्यायची. ज्याचं उत्तर सरांनाही माहीत नाही असा प्रश्न तीन वर्षांत एकदाही समोर येत नाही. चांगली शिष्यवृत्ती म्हणजे फीची सोय तर आहेच. खरं तर ही तुटलेली साखळी जोडण्याची ती धडपड आहे.

1976 मध्ये 10+2+3 हा आकृतिबंध आला आणि एनसीईआरटीची योजना बदलली. सामाजिक शास्त्रं, अभियांत्रिकी, वैद्यकीय अशा सगळ्या शाखा तिच्यात आल्या. संख्या 500 झाली, पुढे वाढतही गेली. पण प्रकल्प गेला आणि त्याच्या जागी वस्तुनिष्ठ चाचण्या आल्या. अधिक मुलांना संधी मिळाली हे चांगलंच झालं, तरी केवळ विज्ञानासाठी असलेला आधार त्यात हरवला. ती जागा भरून निघायला 1999 उजाडलं.

1999 मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने केव्हीपीवाय सुरू केली. परीक्षा घेण्याची जबाबदारी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे होती. अकरावी आणि बारावीबरोबर बीएस्सीच्या पहिल्या वर्षालाही ती देता येई. बारावीच्या धावपळीत मागे पडलेल्या मुलाला ही आणखी एक संधी होती. पदवीच्या तीन वर्षांत महिन्याला 5,000 रुपये आणि पुस्तकं-साहित्यासारख्या किरकोळ खर्चासाठी वर्षाला 20,000 चं आकस्मिक अनुदान मिळे. शिवाय एक ओळखपत्र मिळे, ज्यावर राष्ट्रीय प्रयोगशाळांची आणि विद्यापीठांची ग्रंथालयं वापरता येत. लहान गावातल्या कॉलेजच्या मुलासाठी त्या ओळखपत्राची किंमत पैशांहून कमी नव्हती. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असे. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या किती मुलांनी त्यामुळेच अर्ज केला नसेल!

डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या इन्स्पायरने वेगळी वाट धरली. स्वतंत्र परीक्षा नाही. आपापल्या बोर्डात बारावीला वरच्या एक टक्क्यात यायचं आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घ्यायचा. वर्षाला 80,000 रुपये ठरले. त्यातले 60,000 विद्यार्थ्याच्या खात्यात आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. विषयांची यादी मात्र ठरलेली. मायक्रोबायोलॉजी त्यात आहे, बायोटेक्नॉलॉजी नाही. हे प्रवेश झाल्यावर कळतं आणि मुलं हळहळतात.

उन्हाळी प्रकल्पांची सवय तोवर रुळली होती. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज (पूर्वीचं अलाहाबाद) इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची संशोधन अभ्यासवृत्ती देतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम चालतो. मला सर्वांत जवळचा वाटतो तो मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 2004 मध्ये सुरू झालेला ‘नियस’ हा पदवीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम. साध्या कॉलेजांतली मुलं तिथे शिबिराला येतात आणि त्यांतल्या काहींचा प्रकल्प पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतो. दोन महिन्यांत उपकरणाची ओळख होते. प्रयोग फसण्याचं कारण शोधायला वर्ष लागतं.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपला आणि ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला थेट क्रेडिट, म्हणजे पदवीत मोजले जाणारे श्रेयांक, दिलं आहे. म्हणजे जे काही निवडक मुलांना मिळत होतं ते सगळ्यांसाठी अभ्यासक्रमात आलं. तालुक्याच्या गावात ही मुलं जाणार कुठे? साखर कारखान्याची लॅब, दूध संघाची लॅब, माती परीक्षण केंद्र, पॅथॉलॉजी. यात कमीपणा काहीच नाही. उसाच्या रसाचा ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) रोज मोजणाऱ्या केमिस्टकडे विचारण्यासारखे पुष्कळ प्रश्न असतात. एकाच शेतकऱ्याच्या उसाचा साखर उतारा पंधरा दिवसांत का बदलला, हा बीएस्सीच्या मुलाने महिनाभर धरून ठेवावा असा प्रश्न आहे. फक्त कारखान्याच्या केमिस्टने आणि कॉलेजच्या प्राध्यापकांनी तो आधी एकत्र बसून ठरवायला हवा. क्रेडिटच्या कागदावर शिक्का मारून मुलाला परत पाठवणं याहून फार सोपं आहे, आणि भीती त्याचीच आहे.