ओरखडा, कस आणि पडदा : भूविज्ञानाच्या पहिल्या प्रयोगांची पार्श्वभूमी
भूविज्ञानाच्या पहिल्या वर्गात खनिज हातात आले की रंग, चमक, कस (म्हणजे भुकटीच्या रेघेचा रंग), कठिनता, पाटन (म्हणजे ठरावीक सपाट पातळ्यांवर दुभंगणे) ही लक्षणे एकेक करून तपासायची, ही रीत मुळात खाणीसाठी माणसे घडवताना रुजली. जर्मनीतल्या फ्रायबर्गला १७६५ मध्ये खाणविद्यालय निघाले, आणि १७७४ मध्ये खनिजांच्या बाह्य लक्षणांची पद्धतशीर मांडणी छापली गेली. मोठी उपकरणे नसतानाही धातुक, म्हणजे धातू मिळणारे खनिज, ओळखता यावे, एवढीच गरज होती.

पुढे सर्वाधिक घोळ झाला तो ‘कठिनता’ या शब्दाचा. बोलताना आपण कठीण म्हणतो ते फुटायला अवघड अशा वस्तूला. प्रयोगवहीत मात्र प्रश्न वेगळा असतो : कोण कोणावर ओरखडा उठवतो? खनिजांना ओरखड्यावरून १ ते १० क्रमांक देणाऱ्या १८१२ च्या मोस मापक्रमात शंखजिरे १ वर आहे आणि हिरा १० वर. त्यामुळे हिरा हातोडीने फुटत नाही असे विद्यार्थी खुशाल लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात पाटनाच्या दिशेने घाव बसला की तो दुभंगतो. उलट नेफ्राइट जेड या दगडावर क्वार्ट्झचा (गारेचा) ओरखडा उठतो, पण एकमेकांत गुंतलेल्या तंतूंमुळे ते फोडताना घाम निघतो. शिवाय हे आकडे नुसते क्रमांक आहेत. ९ वरच्या कुरुविंदापासून हिऱ्यापर्यंतचे अंतर १ ते ९ मधल्या सगळ्या अंतराहून मोठे आहे. माझ्या मते पहिल्याच तासाला ‘ओरखड्याला होणारा विरोध’ असे सरळ सांगून टाकावे.

चाचणीतही एक फसगत ठरलेली. मऊ खनिज कठीण खनिजावर घासले तर मऊ खनिजाचीच भुकटी रेघेसारखी उमटते आणि ओरखडा पडल्यासारखे वाटते. बोट फिरवून पाहायचे : भुकटी पुसली जाते, ओरखडा नखाला लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर खडकाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली आले. छेदाची जाडी पुढे ०.०३ मिलिमीटर ठरली आणि ते काम वरच्या वर्गांकडे गेले. फुंकनळीने ज्योत खनिजावर रोखून करायच्या परीक्षा विसाव्या शतकात मागे पडत गेल्या. नवशिक्यांकडे नमुन्यांचा ट्रे तेवढा उरला.

त्या ट्रेची जागा खरी आकसली ती १९६० च्या दशकानंतर. भूपट्ट सांरचनिकी, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे तुकडे सरकतात हा सिद्धांत, आली आणि तिच्याबरोबर भूकंपाचे अपिकेंद्र (भूकंपाच्या उगमाच्या थेट वरचे जमिनीवरचे ठिकाण) तीन भूकंपमापन केंद्रांच्या नोंदींवरून शोधण्यासारखे नकाशांवरचे अभ्यास वाढले. ते हवेतच, पण तास तेवढेच राहिले आणि कात्री खनिजांच्या वाट्याला लागली. २०२० मध्ये कोविडमुळे प्रयोगशाळा बंद झाल्यावर कुठे नमुने घरपोच धाडले गेले, कुठे पडद्यावर फिरवता येणारी त्रिमितीय चित्रे आली. प्रवास न झेपणाऱ्या विद्यार्थ्याला या चित्रांनी दार उघडले, हे खरेच. पण बराइट आणि कॅल्साइट ही खनिजे पडद्यावर सारख्याच वजनाची असतात. तळहातावर सारख्या आकाराचे तुकडे घेतले की ४.५ आणि २.७ या विशिष्ट गुरुत्वांतला (पाण्याच्या किती पट जड, यातला) फरक मनगटालाच कळतो.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचेही तसेच. कॅल्साइट थेंबासरशी फसफसते. डोलोमाइट बराच वेळ गप्प राहते. चाकूने खरवडून भुकटी करावी लागते, पुन्हा थेंब टाकावा लागतो आणि भिंग डोळ्याशी धरून थांबावे लागते, तेव्हा कुठे बारीक बुडबुडे दिसू लागतात.