गोळी दार अडवते, दूध नाही

नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या काकाजींनी महिनाभरापासून दूध सोडलंय. डॉक्टरांनी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन दिली आणि अंबाझरीला फिरायला येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, हे ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ आहे. काकाजींचा हिशेब सरळ: “एकीकडून कॅल्शियम अडवाचं अन् दुसरीकडून प्याचं, काय मतलब?”

हिशेब चुकला तो ‘चॅनेल’पाशी. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडादातांत असतं. गोळी त्याला हात लावत नाही, रक्तातलंही कमी करत नाही. तिचं काम पेशीच्या दारात.

बारीक धमन्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायू असतात. त्यांच्या पेशीबाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट, जणू शटर उघडायची वाट बघणारी सीताबर्डीतली दिवाळीची गर्दी. पेशीपटलावरचा विद्युतदाब बदलला की ‘एल’ प्रकारचं प्रथिनाचं दार उघडतं. कॅल्शियम आत घुसून कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ती जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला (एन्झाइमला) जागं करते, ते मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, मायोसिन शेजारच्या अ‍ॅक्टिनच्या धाग्याला ओढतं आणि धमनी आवळते. अ‍ॅम्लोडिपिन दाराच्या प्रथिनातच ठाण मांडते, त्यामुळे दार कमी उघडतं. खरी गंमत पुढे आहे. नळीचा प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या १० टक्के वाढली तर १.१ चा चौथा घात १.४६, म्हणजे विरोध जवळपास एक तृतीयांशाने उतरला! बीपी उतरतं ते यामुळेच.

मग पाय का लटपटत नाहीत? हातापायांचे स्नायू आकुंचनासाठी पेशीतल्याच कोठारातलं कॅल्शियम वापरतात. हृदयाला मात्र बाहेरचं लागतं. १८८३ साली सिडनी रिंगर या इंग्रज डॉक्टरला दिसलं, की लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या मिठाच्या द्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहतं, ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात थांबतं. फरक पाण्यातल्या कॅल्शियमचा. म्हणून याच गटातलं, पण हृदयावर जास्त चालणारं व्हेरापामिल जपून देतात. अ‍ॅम्लोडिपिनचा ओढा धमन्यांकडे.

काकाजींच्या घोट्यावर मोज्याचा वळ संध्याकाळपर्यंत खोल उमटतो. ही सूजही गोळीचीच: बारीक धमन्या सैलावतात, शिरांकडची बाजू तितकी नाही, मग केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं. लघवीची गोळी यावर फारशी चालत नाही. डॉक्टरांना सांगायचं, ते डोस बदलतील किंवा जोडीला दुसरी गोळी देतील. “किडनी गेली” म्हणून काढा विकणाऱ्याला सांगू नये.

राहिली संत्री, तीही सोडायची का? गोळीसोबत फळ खाऊ नका हा इशारा ग्रेपफ्रूट या मोठ्या, कडसर लिंबूवर्गीय फळाचा आहे. त्यातली फ्युरानोकुमारिन्स आतड्यातलं औषध मोडणारं विकर निकामी करतात. याच गटातल्या फेलोडिपिनची रक्तातली पातळी त्याने बरीच चढते, अ‍ॅम्लोडिपिनची जेमतेम. आपलं संत्रं मँडरिनच्या कुळातलं, त्यात ही रसायनं नगण्य. मृग बहाराची पेटी काकाजींकडे खुशाल पाठवा.