समावेशक खेळ आणि मानसिक पुनर्वसन

गंभीर मानसिक आजारातून सावरणाऱ्या व्यक्तींनी इतर खेळाडूंसोबत एकाच संघात खेळणे, आणि त्या खेळाचा पुनर्वसनासाठी उपयोग करणे, याला समावेशक खेळ म्हणतात. गंभीर आजारांत येथे मुख्यतः स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार आणि दीर्घकाळचे तीव्र नैराश्य येतात. रुग्णालयाच्या आवारात करवून घेतलेली कवायत यात मोडत नाही. मैदानावर शुभार्थी, म्हणजे आजारातून सावरणारी व्यक्ती, कोण, परिचारक कोण आणि सहज खेळायला आलेला कोण, हे बघणाऱ्याला ओळखू येऊ नये इतकी सरमिसळ अपेक्षित असते.

लक्षणे पूर्ण गेली तरच माणूस बरा झाला, ही जुनी कसोटी होती. १९९३ मध्ये मानसिक पुनर्वसनाचे अमेरिकी अभ्यासक विल्यम अँथनी यांनी लक्षणे काही अंशी राहूनही आशेने, अर्थपूर्ण जगता येणे म्हणजे सावरणे, अशी मांडणी केली. इटलीत त्याआधीच, १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करण्याची वाट खुली झाली होती. मनोविकारतज्ज्ञ फ्रँको बझालिया यांच्या चळवळीचे ते फळ. उपचार वस्तीतल्या केंद्रांत आले आणि अशा केंद्रांभोवती फुटबॉलचे संघही उभे राहिले. मानसिक आजार असलेल्या खेळाडूंची फुटसालची (पाच-पाच खेळाडूंच्या, लहान मैदानावरील फुटबॉलची) जागतिक स्पर्धा २०१६ मध्ये जपानमध्ये आणि २०१८ मध्ये रोममध्ये झाली. मात्र केवळ शुभार्थींची स्पर्धा काटेकोर अर्थाने समावेशक ठरत नाही.

औषधांनी भास आणि भ्रम बऱ्याचदा आटोक्यात येतात. निरुत्साह, अबोलपणा, माणसांत न मिसळणे ही ‘ऋण लक्षणे’ मात्र औषधांना फारशी दाद देत नाहीत आणि घरच्यांना ती आळस वाटतात. खेळाचा खरा उपयोग इथे आहे. ‘व्यायाम कर’ या सल्ल्याने न उठणारा माणूस गोलरक्षकावाचून सामना अडेल म्हणून उठतो. संघात त्याला रुग्ण सोडून दुसरी ओळख मिळते. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा असेल तर प्रत्यक्ष सहवासाने पूर्वग्रह कमी होतात, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये म्हटले होते. चांगल्या संघात या चारही गोष्टी असतात.

शारीरिक लाभ वेगळाच. गंभीर मानसिक आजार असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षांनी कमी असते. त्यात हृदयविकार व मधुमेह यांचा मोठा वाटा आहे, आणि ओलांझापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी वजन वाढते ते निराळेच. व्यायामाने मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मरणाशी निगडित भागाचा, आकार वाढतो का, याबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत. तो मुद्दा प्रचारात वापरण्याची घाई नको.

दक्षता औषधांशी निगडित आहे. बायपोलर विकारावरचे लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी घामाने फार कमी झाले, तर रक्तातले लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. मुरगळलेल्या पायासाठी घेतलेल्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकानेही तसे होते. काही औषधांनी उन्हाचा त्रास लवकर होतो, काहींनी अंग जड किंवा ताठर होते. अशा वेळी संथ हालचालीबद्दल ओरडणारा प्रशिक्षक महिन्याभराची उभारी एका सामन्यात घालवतो. निवडीची चुरस वाढली की नवखे खेळाडू बाकावर बसून राहतात आणि पुढे येईनासे होतात, म्हणून खेळण्याचा वेळ वाटून देणारे संघ अधिक टिकतात.

आजाराचे नाव संघाला सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पाणी किती वेळा द्यायचे, ऊन किती सोसते आणि हाताची थरथर वाढली तर फोन कोणाला करायचा, एवढे प्रशिक्षकाला माहीत असले की सराव सुरू करता येतो.