ज्याला चढत नाही, त्याची गोष्ट

मित्रांच्या बैठकीत असा एक जण हमखास असतो. बाकीच्यांची जीभ जड होते, कुणीतरी जुनं भांडण उकरून काढतं, कुणी रडायला लागतं. हा मात्र जसाच्या तसा. शेवटी सगळ्यांना घरापर्यंत पोचवतो तोही हाच. दुसऱ्या दिवशी त्याच्याबद्दल कौतुकानेच बोललं जातं : ‘त्याला चढतच नाही. पचवतो गडी!’

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये कितीतरी दशकं ही माणसं ड्रेसिंग रूमची लाडकी होती. जॉर्ज बेस्ट, टोनी ॲडम्स, पॉल मॅक्ग्रा, पॉल गॅस्कॉइन यांच्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला एकच प्रश्न पडायचा. एवढी पिऊन हे लोक खेळत कसे असतील? उत्तरही मी मनाशी ठरवून टाकलं होतं : त्यांची शरीरंच पोलादी असणार. विज्ञान सांगतं ते याच्या अगदी उलट आहे, आणि ते कळल्यापासून ‘पचवतो’ हा शब्द मला नुसता ऐकवतही नाही.

अमेरिकेत सॅन दिएगोला मार्क शुकिट नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक अभ्यास सुरू केला. त्यांनी विशीतले तरुण निवडले. काहींचे वडील दारूच्या आहारी गेलेले, काहींच्या घरात असं कुणी नाही. मुलं स्वतः मात्र अजून व्यसनी नव्हती. सगळ्यांना मोजून सारखीच दारू दिली, रक्तातलं प्रमाण तपासलं, ‘किती चढल्यासारखं वाटतंय?’ हे विचारलं. मग त्यांना सरळ उभं करून त्यांचं शरीर किती डोलतंय हे यंत्राने टिपलं. आपण सहज म्हणून जातो ना, ‘किती प्यायला तरी हलत नाही’? शुकिट यांनी ते हलणं अक्षरशः मोजलं.

रक्तातली दारू सारखीच होती. पण व्यसनी वडिलांची बरीच मुलं कमी डोलत होती आणि ‘फारसं काही वाटत नाही’ म्हणत होती. अनेक वर्षांनी त्याच तरुणांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा कमी डोललेले तरुण व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण जास्त असल्याचं दिसलं. कारण समजायला अवघड नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ग्लासानंतर डोकं गरगरतं, मळमळतं, झोप येते, हा शरीराचा ब्रेक आहे. ज्याला चढत नाही त्याचा ब्रेकच ढिला असतो. त्याचं यकृत काही वेगळ्या मातीचं नसतं. रक्तात विष तेवढंच फिरत असतं, फक्त धोक्याची घंटा वाजत नाही.

आता हा ढिल्या ब्रेकचा सतरा वर्षांचा मुलगा अशा ठिकाणी नेऊन ठेवा, जिथे जास्त पिणं हीच मर्दानगीची परीक्षा आहे. इंग्लिश फुटबॉल तसंच होतं. १८९२ साली लिव्हरपूल क्लब काढणारे जॉन होल्डिंग बिअरचे कारखानदार होते. १९०२ साली कर्जात बुडालेल्या न्यूटन हीथ क्लबला तारणारे, आणि त्याचं मँचेस्टर युनायटेड होताना मालक असलेले जॉन हेन्री डेव्हिस, तेही बिअरवालेच. १९६१ पर्यंत खेळाडूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. खेळाडू कामगारांच्याच गल्लीत राहायचा, त्यांच्याच पबमध्ये जायचा, आणि निवृत्तीनंतर स्वतःचा पब चालवणं हा अनेकांचा पोटापाण्याचा मार्ग होता. दारू या खेळात बाहेरून शिरलेली नव्हती. त्या पबमध्ये जुळलेली मैत्रीही खोटी नव्हती; एकमेकांसाठी जीव टाकणारे संघ तिथेच घडले, हे मी मान्य करतो. म्हणून तर कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

लंडनच्या आर्सेनल संघातल्या पिणाऱ्यांचा ‘ट्युसडे क्लब’, म्हणजे मंगळवारचा क्लब, हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हा संघ ऐन भरात होता. १९८९ आणि १९९१ साली त्यांनी लीग जिंकली. कर्णधार टोनी ॲडम्स, वयाच्या एकविसाव्या वर्षी कर्णधारपद मिळालेला मध्यबचावपटू. मंगळवारी आठवड्यातला सगळ्यात कठोर सराव, बुधवारी सुट्टी आणि शनिवारी सामना. साहजिकच सराव संपला की मंगळवारी थेट पब. हिशेब चोख होता : बुधवारी झोपायचं, गुरुवारी पुन्हा मैदानात, शनिवारपर्यंत सगळे टवटवीत.

हा हिशेब शरीराच्या वहीत मांडून पाहू. इंग्लंडचा एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. ४ टक्क्यांच्या बिअरच्या एका पाइंटमध्ये जवळपास १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला साधारण ८ ग्रॅम निपटतं. आठ पाइंट म्हणजे १४४ ग्रॅम, म्हणजे १८ तास. संध्याकाळी सहाला सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला रक्त स्वच्छ होणार. रोज पिणाऱ्याचं यकृत थोडा वेग वाढवतं, पण थोडाच. थंड पाण्याची आंघोळ, कडक कॉफी, धावणं, यातल्या कशानेही ते घड्याळ पुढे सरकत नाही.

त्या काळी खेळाडू सरावाच्या जर्सीखाली कचऱ्याच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या घालून धावायचे, दारू घामावाटे निघून जाईल म्हणून. बिचारे! अल्कोहोलचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग यकृतातच जळतो. श्वास, लघवी आणि घाम या तिन्हींच्या वाट्याला उरलेली किरकोळ शिल्लक येते. पिशवीतून निथळायचं ते नुसतं पाणी. आणि तेही आधीच कोरड्या पडलेल्या शरीरातलं, कारण मूत्रपिंडाला ‘पाणी राखून ठेव’ असं सांगणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दारूमुळे दबलेलं असतं.

पण पाण्यापेक्षा मोठं नुकसान स्नायूंचं. कठोर सरावात स्नायूंचे तंतू सूक्ष्म पातळीवर फाटतात, आणि पुढच्या दिवसभरात नवी प्रथिनं विणून शरीर ते आधीपेक्षा मजबूत करतं. खेळाडू मैदानावर झिजतो आणि बिछान्यात घडतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ तंदुरुस्त पुरुषांकडून जोरदार व्यायाम करून घेतला आणि नंतर त्यांना वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं. पंचाहत्तर किलोच्या माणसाला हे सहा पाइंटांच्या आसपास पडतं. नुसती प्रथिनं घेतल्यावर नव्या स्नायूची जी वीण होते, ती प्रथिनांबरोबर दारू घेतल्यावर २४ टक्क्यांनी घटली. प्रथिनांऐवजी पिष्टमय अन्न आणि दारू, असं असेल तर घट ३७ टक्के. आठ माणसांचा प्रयोग म्हणजे लहानच, हे लक्षात ठेवायला हवं. पण पबमध्ये बिअरबरोबर बहुतेकदा तळलेले बटाटेच असायचे, हेही लक्षात ठेवायला हवं.

शिवाय यकृत दारू निपटण्यात गुंतलं की नवं ग्लुकोज बनवायचं काम मागे पडतं. झोप लवकर लागते पण रात्रीच्या उत्तरार्धात तुकड्यातुकड्यांची होते. म्हणजे आठवड्यातला जो सराव शरीराला सगळ्यात जास्त घडवणार होता, त्याच्यावरच दर आठवड्याला पाणी सोडलं जात होतं. प्यायलाच एक रात्र निवडायची तर मंगळवारइतकी वाईट रात्र दुसरी नव्हती.

हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण शनिवारी खेळाडू ठीक दिसायचा. मंगळवारी न प्यायलेला तोच खेळाडू शनिवारी कसा दिसला असता, हे पाहायची सोयच नव्हती. आणि गुणवत्ता जितकी मोठी, तितकं तिचं पांघरूण मोठं. ॲडम्सने १९९० साली दारूच्या नशेत गाडी भिंतीवर घातली, डिसेंबरमध्ये त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातली जवळपास निम्मी त्याने भोगली. तो तुरुंगातून बाहेर आला आणि त्याच हंगामात आर्सेनलने लीग जिंकली. करंडक हातात असताना कर्णधाराला ‘तू आजारी आहेस का?’ असं कोण विचारणार? मॅक्ग्राचंही तेच. गुडघ्यांवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झालेल्या, पिण्यामुळे पेचात सापडलेल्या या बचावपटूला प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसनने १९८९ साली मँचेस्टर युनायटेडमधून विकलं. ॲस्टन व्हिलात गेल्यावर सराव जवळजवळ न करता तो खेळला आणि १९९३ साली इंग्लंडमधल्या खेळाडूंनी त्यालाच वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. हा किस्सा आजही चमत्कार म्हणून सांगितला जातो. मला तो ऐकताना कसंतरीच होतं.

१५ जून १९९६, वेम्बली, युरो स्पर्धा. स्कॉटलंडविरुद्ध गॅस्कॉइनने डाव्या पायाने चेंडू कॉलिन हेंड्रीच्या डोक्यावरून अलगद उचलला आणि तो खाली यायच्या आत उजव्या पायाने जाळ्यात मारला. स्पर्धेआधी हाँगकाँगच्या बारमध्ये खेळाडूंना खुर्चीवर आडवं करून तोंडात दारू ओतल्याची छायाचित्रं गाजली होती. गोल मारताच गॅस्कॉइन त्याचीच नक्कल करत गवतावर हात पसरून उताणा पडला आणि सहकाऱ्यांनी बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात उडवलं. जग हसलं, मीही हसलो. पुढच्या काही वर्षांत दारूने त्याचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. आता ती चित्रफीत मी गोलपर्यंतच पाहतो.

चढत नाही म्हणून जास्त प्यायलं जातं, आणि मग मेंदू बदलू लागतो. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन आहे, उत्तेजित करणारं ग्लुटामेट आहे. दारू पहिल्याचा जोर वाढवते, दुसऱ्याला दाबते. रोज असं व्हायला लागलं की तोल सांभाळण्यासाठी मेंदू उलट्या बाजूला वजन टाकतो : शांत करणारी यंत्रणा मंदावतो, उत्तेजनाची वाढवतो. मग दारू थांबली की ते वजन उघडं पडतं. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, कधी झटके येतात, भास होतात. या टप्प्यावर माणूस मजेसाठी पीत नाही, थरथर थांबावी म्हणून पितो. त्याला ‘मनावर घे’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला ‘गार हो’ म्हणण्यासारखं आहे.

जॉर्ज बेस्टची गोष्ट इथे सांगायला हवी. बेलफास्टचा हा पोरगा १७व्या वर्षी मँचेस्टर युनायटेडकडून उतरला. २९ मे १९६८ रोजी युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना, जादा वेळेच्या सुरुवातीलाच त्याने चेंडू बचावपटूच्या पुढे ढकलला, गोलरक्षकाला वळसा घातला आणि डाव्या पायाने चेंडू रिकाम्या गोलात सोडून दिला. तेव्हा तो नुकता २२ वर्षांचा झाला होता. त्या वर्षी युरोपातला सर्वोत्तम खेळाडू तोच. सत्ताविसाव्या वर्षी त्याची युनायटेडमधली कारकीर्द संपली.

बेस्टची आई चांगली हॉकीपटू होती. चाळिशी येईपर्यंत तिने दारूला हात लावला नव्हता. १९७८ साली ती दारूपायीच गेली. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की दारूच्या व्यसनाचा साधारण निम्मा धोका आनुवंशिक असतो. उरलेला निम्मा परिस्थितीचा. बेस्टकडे दोन्ही निम्मे भरभरून होते.

डॉक्टरांनी त्याच्या पोटात डायसल्फिरामच्या गोळ्या शिवून बसवल्या होत्या. दारूचं विघटन दोन टप्प्यांत होतं : आधी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन बनतं, मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट होतं. डायसल्फिराम दुसरा टप्पा अडवतं. विष साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. पूर्व आशियातल्या अनेकांच्या शरीरात हा अडथळा जन्मतःच असतो आणि त्यांच्यात दारूचं व्यसन त्यामुळे कमी आढळतं. ज्याला दोन घोटांतच त्रास होतो त्याची आपण थट्टा करतो, पण निसर्गाने खरं संरक्षण त्यालाच दिलेलं असतं. बेस्टला जन्मतः न मिळालेला ब्रेक डॉक्टर टाके घालून बसवू पाहत होते. तो टिकला नाही.

जुलै २००२ मध्ये लंडनमध्ये त्याच्यावर यकृताचं प्रत्यारोपण झालं. वर्षभरात तो पुन्हा पिताना दिसला आणि लोक भयंकर संतापले : कुणीतरी मरताना दिलेलं यकृत याने मातीत घातलं! तो राग मला कळतो. पण शस्त्रक्रियेने यकृत बदललं होतं, मेंदू तोच होता. नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतात. त्यातून संसर्ग बळावला आणि २५ नोव्हेंबर २००५ रोजी, ५९व्या वर्षी तो गेला.

व्यसन हा आजार आहे, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण हेच सांगत आलं आहे. ॲडम्सनेही मदत मागितली ती आजारी माणूस म्हणून. ऑगस्ट १९९६ मध्ये त्याने दारू थांबवली, सप्टेंबरमध्ये ते जाहीरपणे सांगितलं, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकांना जाऊ लागला. त्याच सुमारास आर्सेन वेंगर प्रशिक्षक म्हणून आले आणि वाफवलेल्या भाज्या, उकडलेलं चिकन, स्नायू ताणण्याचे व्यायाम असं सगळंच बदललं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं श्रेय एकट्या दारू सोडण्याला देता येणार नाही. तरीही माणूस तोच होता, पाय तेच होते, आणि फुटबॉलपटूचा उतार जिथे सुरू होतो त्या तिशीत तो पोचत होता. पुढे २००० साली त्याने व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ हे उपचार केंद्र काढलं.

३ मे १९९८. हायबरी या आपल्या मैदानावर एव्हर्टनविरुद्ध आर्सेनल ३-० ने पुढे होतं आणि लीग खिशात आली होती. मध्यबचावपटूने पुढे धावावं असं काहीच कारण उरलं नव्हतं. सामना संपायला मिनिटभर असताना स्टीव्ह बोल्डने, तोही बचावपटूच, चेंडू बचावफळीवरून पलीकडे टाकला. एकतीस वर्षांचा ॲडम्स तेव्हा मैदानाचा अर्धा भाग धावून एव्हर्टनच्या गोलसमोर पोचलेला होता, आणि त्याने तो डाव्या पायाने जाळ्यात मारला.